जुनं मशीन, नवा गेम : चालेल की नाही?

परीक्षा संपल्या की माझ्या टेबलावरचे प्रश्न बदलतात. मार्चपर्यंत प्रिंटर, उडालेली प्रोजेक्टची फाइल, सुरू न होणारं विंडोज. एप्रिल लागला की सगळ्यांचं एकच, ‘ताई, हा गेम आपल्या मशीनवर चालेल का?’ या खेपेला टपालातही तेच निघालं, म्हणून हा अंक त्यालाच दिला.

आधी एक सांगून ठेवते, कारण पुढे सगळीकडे ते येणार आहे. ‘चालत नाही’ हे दोन तऱ्हेचं असतं. एकात गेम उघडतो, पण रखडतो. तिथे सेटिंग उतरवून, एखादा पार्ट बदलून वाट निघते. दुसऱ्यात गेम उघडतच नाही, कारण त्याला हवी असलेली गोष्ट त्या चिपमध्ये मुळातच नाही. तिथे रॅम वाढवा, एसएसडी टाका, काही फरक पडत नाही. नवी पेठेतल्या आमच्या गल्लीत लोकांचे जे पैसे वाया जाताना बघते, ते बहुतेक या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच.

प्रश्न : २०१३ मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला कॉम्प्युटर घरी आहे. आय-फाइव्ह ३४७०, आठ जीबी रॅम, पाचशे जीबी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुलगी आता पुण्यात नोकरीला असते. धाकटा बारावी देऊन मोकळा झालाय आणि त्याला ‘सायबरपंक २०७७’ खेळायचाय. एक दुकानदार म्हणतो, भंगारात द्या, नवीन घ्या. दुसरा म्हणतो, कार्ड टाका, पळेल. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोघांचंही नको, काका.

३४७० हा इंटेलचा २०१२ चा प्रोसेसर, तिसऱ्या पिढीतला, चार कोअरचा. त्याच्या पोटात जे ग्राफिक्स आहे ते एचडी २५००. टॅली, एक्सेल, यूट्यूब यांना ते पुरतं. सायबरपंकपुढे ते नसल्यात जमा आहे. म्हणजे कार्डाशिवाय बोलणंच नको, इथवर दुसरा दुकानदार बरोबर.

आता गेम बघा. तो डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा कंपनीने किमान म्हणून सांगितलेला प्रोसेसर होता आय-फाइव्ह ३५७०के. तुमच्याच पिढीतला, जरासा वेगवान. आठ जीबी रॅम, जीटीएक्स ७८० कार्ड, आणि साधी हार्ड डिस्कही चालत होती. त्याहून जुने, एव्हीएक्स नावाचे आदेश न समजणारे प्रोसेसर सुरुवातीचा भाग संपताना बंद पडायचे, तेही त्याच महिन्यातल्या १.०५ अपडेटने दुरुस्त झालं. मग २०२३ मध्ये गेमची २.० आवृत्ती आली आणि किमान अट थेट आय-सेव्हन ६७००, बारा जीबी रॅम, सहा जीबीचं जीटीएक्स १०६० आणि एसएसडी इथवर चढली. गेमचं नाव तेच, अट वेगळी. म्हणून ‘माझ्या मित्राकडे अशाच मशीनवर चालत होता की’ असं चिरंजीव म्हणाले, तर कधी, ते विचारा. २०२१ मधली गोष्ट असेल तर ती खरी असूनही आज तुमच्या कामाची नाही.

तुमच्या मशीनचं ‘नाही’ पहिल्या जातीचं आहे. कार्ड टाकलंत तर गेम उघडेल. मोकळ्या रस्त्यावर गाडी बरी चालेल. शहराच्या गर्दीत आलात की प्रोसेसरची दमछाक होणार, कारण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी त्यालाच हलवायची असते. त्या गेममध्ये गर्दी कमी करायचं सेटिंग आहे, ते सगळ्यात खाली आणायचं. सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम, म्हणजे पडद्यावर बदलणारी चित्रं, मिळाल्या की समाधान मानायचं. साठचा हट्ट धरायचा असेल तर हे मशीन नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. २०१३ च्या मशीनबरोबर बहुतेक साडेअठरा इंची मॉनिटर आला असेल, १३६६ बाय ७६८ चा. त्यावर दर फ्रेमला साधारण साडेदहा लाख ठिपके रंगवावे लागतात. आजच्या फुल एचडीवर वीस लाखांहून जास्त. म्हणजे तुमच्या कार्डाला निम्मंच काम. कार्ड घेताना दुकानदार मोठा मॉनिटरही गळ्यात मारू बघेल, तर तो घेऊ नका.

पैसे कुठे घालायचे? माझा हिशेब असा : जो पार्ट उद्या दुसऱ्या मशीनमध्ये काढून लावता येतो, त्याच्यावर खर्च करायला हरकत नाही. एसएसडी तशी आहे. ती पहिली घ्या. गेम नाही चालला तरी घरातली बाकी सगळी कामं सुधारतील. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर, आणि बारीक बारीक फाइली शोधण्यात तर तुलनाच नाही. कार्डही पुढे नेता येतं. रॅम मात्र तुमच्याकडे डीडीआर-थ्री आहे, ती नव्या बोर्डावर बसणार नाही. ती वाढवायचीच तर वापरलेली घ्या आणि सारख्या दोन पट्ट्या लावा, एकच मोठी नको. प्रोसेसर बदलायच्या फंदात पडू नका.

आणखी एक. विंडोज १० ला मिळणारा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. गेमचं त्यामुळे लगेच काही अडत नाही. पण बँकेचे व्यवहार याच मशीनवर करत असाल, तर ते आता दुसरीकडे हलवा. पोरं गेम फुकटात चालवायला ह्या नावाची, त्या नावाची क्रॅक फाइल कुठून कुठून उतरवतात, आणि तिथेच तुमचा पासवर्ड टाइप झालेला असतो.

गेम स्टीमवरून, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, विकत घ्या. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात. त्या दोन तासांत सगळ्यात गर्दीच्या ठिकाणी जाऊन बघायला सांगा.

प्रश्न : माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ चालेल का? मित्र म्हणतो, सगळं लो-वर ठेवलं की काहीही चालतं.
— अकरावीतला विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : नाही रे. हे दुसऱ्या जातीचं ‘नाही’.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या या गेममध्ये उजेड आणि सावल्या रे ट्रेसिंगनेच, म्हणजे प्रकाशाचे किरण कसे जातील याचा हिशेब करूनच, काढल्या जातात, आणि ते बंद करायचं बटणच दिलेलं नाही. त्यासाठी कार्डात वेगळे भाग असावे लागतात. एनव्हिडियाने ते २०१८ मध्ये आरटीएक्स मालिकेपासून घालायला सुरुवात केली. गेमची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर आहे. तुझं १६५० हे २०१९ चं, म्हणजे आरटीएक्सच्या नंतरचं, पण स्वस्तातलं असल्यामुळे त्यात ते भाग घातलेच नाहीत. कार्ड किती नवं आहे याला इथे अर्थ नाही, आत काय आहे याला आहे. २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’सुद्धा असाच. तुझ्या मित्राचा नियम पाच-सहा वर्षांपूर्वीच्या गेमांना बऱ्यापैकी लागू होता, आता होत नाही.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ खेळलास का? २०१९ मध्ये पीसीवर आला, किमान कार्ड जीटीएक्स ७७० मागतो. तुझ्या १६५० वर उत्तम चालेल. दीडशे जीबी जागा मात्र मोकळी ठेव.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, ‘व्हॅलोरंट’ खेळतो. मशीन २०१६ चं. मागच्या महिन्यात त्याच्या मित्राच्या दादाने विंडोज ११ टाकून दिलं. तेव्हापासून गेम उघडला की ‘व्हॅन ९००१’ असं काहीतरी येतं. मुलगा म्हणतो, नवीन मदरबोर्ड लागेल. खरंच लागेल, की मला गंडवतोय?
— एक आई, विजापूर रोड

उत्तर : गंडवत नसावा हो, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल. पण मदरबोर्ड लागणार नाही.

व्हॅलोरंट हा अजिबात जड गेम नाही, तुमच्या मशीनला तो सहज झेपतो. अडतंय ते त्याच्यासोबत येणाऱ्या व्हॅनगार्ड या पहारेकऱ्यामुळे. खेळात लबाडी करणारे प्रोग्रॅम पकडणं हे त्याचं काम. विंडोज ११ असेल तर तो दोन गोष्टी मागतो : टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग). त्या चालू नसतील तर तुमचा हा नंबर दाखवून बाहेर थांबवतो. २०१६ च्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. दादाने पळवाटेने टाकलं असणार, आणि पळवाटेने टाकताना याच दोन गोष्टी टाळल्या जातात.

करायचं असं. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, जायचं (बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ-टू) आणि इंटेल असेल तर ‘पीटीटी’, एएमडी असेल तर ‘एफटीपीएम’ नावाचा पर्याय शोधायचा. २०१६ च्या बऱ्याच बोर्डांवर तो असतो, फक्त बंद करून ठेवलेला असतो. तो चालू करा, मग सिक्युअर बूट. इथे एक खड्डा आहे. विंडोज जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सिक्युअर बूटच्या सेटिंगनंतर मशीन विंडोजपर्यंत पोहोचतच नाही. घाबरायचं नाही, सेटिंग परत होतं तसं केलं की सुरू होतं. पण आधी घरातले फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून घ्या, मगच हात लावू द्या. पर्याय सापडलाच नाही तर विंडोज १० वर परत या, तिथे ही अट नाही. वरच्या काकांना बँकेच्या व्यवहारांबद्दल जे सांगितलं, ते तुम्हालाही लागू होतं.

अभ्यासाचं विचारलंत, ते छापलेलं नाही. तो माझा विषय नाही.

प्रश्न : पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर (आय-फाइव्ह, चौथी पिढी, जीटीएक्स ९६०) रात्री मी आणि धाकटा भाऊ ‘जीटीए फाइव्ह’ खेळतो. पहिली वीस मिनिटं मस्त जातात, मग गचके बसतात आणि पंखा नुसता ओरडतो. उन्हाळ्यात जास्तच. मशीन म्हातारं झालं का?
— एक कारखानदार

उत्तर : मशीन म्हातारं नाही, गुदमरलंय. तुमच्या पत्रातली ‘पहिली वीस मिनिटं’ वाचली तिथेच कळलं. ताकद कमी असती तर पहिल्या मिनिटापासून गचके बसले असते. जीटीए फाइव्ह एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर आला तेव्हा किमान यादीत कोअर टू क्वाड क्यू ६६०० होता, २००७ चा. तुमचं मशीन त्याच्या कितीतरी पुढे आहे.

झालंय ते उष्णतेमुळे. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतो. तेच तुमचे गचके. साधी धूळ असते ती सुटी असते, पंख्याच्या वाऱ्याबरोबर बरीचशी निघूनही जाते. सुताच्या तंतूंचं तसं नाही. ते हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये अडकतात, एकमेकांत गुंततात, आणि सहा-आठ महिन्यांत पंख्याच्या खाली अक्षरशः चादर विणून तयार होते, चिमटीत धरून ओढली की अखंड निघते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून लोक म्हणतात, ‘ताई, परवाच पुसलाय की.’ पंखा काढल्याशिवाय ती दिसत नाही. पूर्व भागातून आलेलं मशीन हळू चालतंय अशी तक्रार असेल, तर मी विंडोजला हात लावायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर घेते.

त्यात आपला उन्हाळा. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पंचवीस अंशांच्या खोलीत गेम खेळताना प्रोसेसर सत्तरवर असेल, तर मे महिन्यात बेचाळीसच्या खोलीत तोच सत्त्याऐंशीच्या घरात जाणार. त्यावर सुताचा थर, म्हणजे संपलंच.

साफ करताना वायर काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलीने अडवून धरा. वाऱ्याने ती वाटेल तशी फिरली तर बेअरिंग जातं. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतूनही हवा मारा, पण तो डबा उघडू नका, आत वीज साठलेली असते. हीटसिंक काढलंच तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, मुगाच्या दाण्याएवढी पुरते. ही पेस्ट दहा वर्षांत खडखडीत वाळते, आणि माझ्या अनुभवात नुसत्या पेस्टनेही तापमान चांगलं उतरतं. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखालीही हाच प्रकार असतो, तिकडे लोकांचं लक्षच जात नाही.

कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या. मागांच्या बाजूचं दार आणि कॅबिनेटचं तोंड समोरासमोर नको. सूत आत जाऊ नये म्हणून काही जण कॅबिनेटला फडकं गुंडाळतात, त्याने हवाही अडते. बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला झटका. कुलरच्या तोंडाशी मशीन ठेवू नका. ओलावा आणि सूत एकत्र आलं की लगदा होतो, तो ब्लोअरने निघत नाही.

आणि गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू करून फ्रेम साठवर बांधून टाका. तुमचा मॉनिटर साठच्या वर दाखवत नसेल तर कार्ड उगाच नव्वद फ्रेम काढत तापत बसतं. एवढं करून पाहा. मार्च २०२५ मध्ये जीटीए फाइव्हची ‘एन्हान्स्ड’ आवृत्ती आली, ती एसएसडी मागते आणि चौथ्या पिढीतला आय-सेव्हन. तुम्ही जुनी ‘लेगसी’च ठेवा.

प्रश्न : गेम अडखळतो तेव्हा कार्ड कमी पडतंय की प्रोसेसर, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : अडखळणाऱ्या जागी थांबा, फ्रेमचा आकडा लिहून ठेवा. मग गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि पुन्हा त्याच जागी आकडा बघा. बराच वाढला तर कार्ड कमी पडत होतं. होता तिथेच राहिला तर प्रोसेसर, मग नवीन कार्ड आणूनही तो आकडा हलणार नाही. कुठल्याही दुकानात पाकीट काढण्याआधी ही पाच मिनिटं घालवा.

प्रश्न : मी केगावला हॉस्टेलवर राहतो. ऑनलाइन जुनं ‘जीटीएक्स १०५० टीआय’ खूपच स्वस्तात मिळतंय. घेऊ का? कॅबिनेटमध्ये साडेचारशे वॉटचा एसएमपीएस आहे.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : १०५० टीआय हे कार्ड जुन्या मशीनसाठी मला फार आवडतं. २०१६ चं, चार जीबीचं, ७५ वॉटमध्ये भागतं, म्हणजे बहुतेक मॉडेलना एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागत नाही, स्लॉटमधूनच वीज मिळते. पण ‘खूपच स्वस्त’ आणि ‘१०५० टीआय’ हे शब्द एका ओळीत आले की मी चष्मा लावते. या नावाखाली नकली कार्डं भरपूर विकली गेली आहेत. आतली चिप २०१०-११ ची, जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयची, आणि तिचा बायोस बदलून विंडोजला खोटं नाव सांगायला शिकवलेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये १०५० टीआय दिसतं, गेम सुरू केला की कोसळतं.

फोटोत मागची बाजू बघ. निळं व्हीजीए सॉकेट असेल तर संशय घे, १०५० टीआयची चिप व्हीजीए सिग्नल काढतच नाही. हातात आलं की जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालव. नकली कार्ड ओळखता आलं तर तो नावाच्या आधी ‘फेक’ असं लिहून दाखवतो. हे विकणाऱ्यासमोरच कर. विकणारा ‘घरी जाऊन लावून बघा’ म्हणाला तर घरी जा, कार्ड न घेता.

मोठी कार्डंही जुन्या बाजारात आली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांकडून गणितं सोडवून घेऊन ते कमावणं, म्हणजे त्याचं मायनिंग, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने विकायला निघाली. ती सगळी वाईट असतात असं नाही. पंखे आणि पेस्ट बदलली की पुष्कळ चालतात. पण विकत घेण्याआधी अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय घेऊ नको.

आता तुझा एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ‘४५०’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याला फारशी किंमत देऊ नको. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाच आणि बाराने गुण. १४ अँपिअर असेल तर १६८ वॉट, बस. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही त्यातच जगायचंय. १०५० टीआय त्यात बसेल. आरएक्स ५८० सारखं मोठं कार्ड एकटंच १८५ वॉट खातं, ते बसणार नाही. ‘मोलेक्सला कन्व्हर्टर लावून जमतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नको. वितळलेले कन्व्हर्टर माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

हेही माहीत असू दे : एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहेत, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट येतात. आजचे गेम त्याने बंद पडत नाहीत. उद्याच्या गेमांची मात्र खात्री नाही, म्हणून १०५० टीआयला जास्त पैसे देऊ नको.

प्रश्न : हैदराबादहून कंपन्यांचे वापरलेले डेल-एचपीचे छोटे कॉम्प्युटर मागवावेत का? भावाला गेमसाठी हवाय.
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : मागवा, पण छोटा डबा मागवू नका, उभा टॉवर मागवा. त्या बारक्या डब्यात निम्म्या उंचीचंच कार्ड बसतं, ते कमी मिळतं आणि महाग पडतं. शिवाय एसएमपीएस कंपनीच्या मापाचा असतो, तो जळाला तर नवी पेठेत बदलून मिळणार नाही, पुण्याला नाहीतर सिकंदराबादला माणूस पाठवा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८४०० किंवा ८५००, मिळाला तर पाहा. सहा कोअर असतात, विंडोज ११ रीतसर बसतं, आणि ‘एल्डन रिंग’सारख्या २०२२ च्या गेमने किमान म्हणून ८४०० चंच नाव दिलंय. दुसरी-तिसरी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी गेमसाठी घेऊ नका. एव्हीएक्स-टू हे आदेश इंटेलमध्ये चौथ्या पिढीपासून, २०१३ पासून आले. नवे काही गेम ते धरूनच चालतात आणि नसले तर सुरूच होत नाहीत.

प्रश्न : वय ६४. रेल्वेतून निवृत्त. घरी कोअर टू ड्युओ, चार जीबी रॅम. नातू म्हणतो, ‘आजोबा, यावर काहीच चालत नाही.’ आम्ही पूर्वी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळायचो.
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : नातवाला सांगा, या महिन्यात मला सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं होतं.

१९९९ चा मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ तुमच्या मशीनवर डोळे झाकून चालेल. घरात कुठे जुनी सीडी असेल तर ड्राइव्ह चालतोय का बघा. २०१९ ची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आहे, तिच्या किमान यादीत कोअर टू ड्युओचं नाव आहे खरं, पण वेगळं कार्ड आणि विंडोज १० लागतं. तुमच्याकडे विंडोज ७ असेल तर स्टीमच चालणार नाही, १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी ७ आणि ८ चा पाठिंबा काढून घेतला. मी तुमच्या जागी असते तर एक छोटी एसएसडी घातली असती आणि मूळ गेमच खेळले असते. शेतं, लाकूडतोडे, भिंत बांधता बांधता शत्रू दारात, त्यात काही कमी झालेलं नाही. ‘जीटीए : व्हाइस सिटी’ही चालेल, पण ते नातवासमोर खेळू नका.

थोडक्यात

‘माझा कॉम्प्युटर चांगला आहे, सगळे गेम चालतील ना?’ असं विचारणाऱ्या सगळ्यांना : विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, डीएक्सडायग टाइप करा, एंटर मारा. प्रोसेसर, रॅम आणि दुसऱ्या पानावरचं कार्डाचं नाव कागदावर उतरवून पाठवा.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड घालता येतं का? जवळजवळ कुठल्याच लॅपटॉपमध्ये नाही, ते बोर्डावरच पक्कं झाळलेलं असतं. रॅमची दुसरी पट्टी मात्र पुष्कळ लॅपटॉपांत बसते, आणि वेगळं कार्ड नसलेल्या मशीनवर एका पट्टीच्या दोन झाल्या की गेममध्ये फरक स्पष्ट दिसतो.

‘जीटीए सिक्ससाठी आत्ताच मशीन घेऊन ठेवू का?’ हे लिहीपर्यंत तो फक्त पीएस-फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालेला आहे. पीसीची तारीख नाही, अटींची यादीही नाही. मशीन घ्यायचं ते तारीख आल्यावर, आणि तेव्हाही यादी वाचून.